एकाच वाळूचे तीन घर्षणकोन का येतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ मीटर उंचीच्या आरई वॉलमागे (भरावात जाळ्यांचे थर अंथरून उभी केलेली भिंत) भराव म्हणून बेसॉल्टची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरायची आहे. एकाच ढिगातले नमुने तीन लॅबना दिले. पहिलीने घर्षणकोन (वाळू सरकायला किती विरोध करते ते सांगणारा कोन) ३६ अंश दिला, दुसरीने ४१, तिसरीने ४४ आणि वर १२ केपीए (किलोपास्कल) कोहेजन, म्हणजे दाब नसतानाही असणारा चिकटपणा. डिझाइनला कोणता धरायचा? जोडीला दुसरी शंका: संगणकावर डीईएमचं, म्हणजे प्रत्येक कण वेगळा धरून हिशेब करणारं, मॉडेल चालवलं आणि कणाकणांमधला घर्षणगुणांक ०.५ वरून ०.९ केला, तरी ताकद जवळजवळ हललीच नाही. घर्षणावर उभ्या असलेल्या मातीत घर्षण वाढवून काहीच का होत नाही?

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचं उत्तर कळलं की तिन्ही रिपोर्ट आपोआप वाचता येतात. रिपोर्टमधला कोन एकट्या वाळूचा नसतो. वाळू किती घट्ट भरली होती, तिच्यावर किती दाब होता आणि चाचणीने तिला कोणत्या दिशेने हलायला मोकळीक दिली, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. खनिजाच्या पृष्ठभागाचं घर्षण हा त्या मिश्रणातला एक घटक, आणि साइटवर आपल्याला ज्यात फरक पडलेला दिसतो त्यात त्याचा वाटा फारच थोडा.

क्वार्ट्झचे दोन कण एकमेकांवर घासले तर त्यांच्यातला घर्षणकोन किती? रो यांनी १९६२ मध्ये मोजलेले आकडे अजून वापरात आहेत: गाळाएवढ्या बारीक कणांसाठी ३१ अंशांच्या आसपास आणि कण मोठा होत जाईल तसा उतरत जाड खडीसाठी २२ पर्यंत. पण त्याच क्वार्ट्झच्या वाळूचा ढीग मोठ्या सरकण्यानंतर, आकारमान बदलायचं थांबल्यावर, म्हणजे क्रिटिकल स्टेटला, ३२-३३ अंश दाखवतो. सुट्या कणांपेक्षा ढिगाचा कोन जास्त. ही वाढ पृष्ठभागातून येत नाही, ती रचनेतून येते.

ढिगावर भार आला की तो सगळ्या कणांमध्ये सारखा वाटला जात नाही. काही कणांच्या रांगा बहुतेक भार उचलतात आणि शेजारचे कण जवळजवळ रिकामे बसलेले असतात. ड्रेशर आणि डी योसेलिन डी योंग यांनी १९७२ मध्ये फोटोइलॅस्टिक, म्हणजे दाब आला की खास प्रकाशात उजळणाऱ्या, चकत्यांवर प्रयोग करून या रांगा चक्क उजळलेल्या दाखवल्या. नंतरच्या डीईएममधून आणखी एक गोष्ट कळली: घसरणारे संपर्क मुख्यतः कमी भाराच्या जाळ्यात असतात. भार वाहणाऱ्या रांगा घसरून तुटत नाहीत. त्या वाकतात, कण लोळतात, बाजूचा आधार सुटतो आणि रांग कोसळते. मग नवी तयार होते. पृष्ठभाग जितका खरखरीत कराल तितकं घसरणं कण टाळतात आणि लोळणं पत्करतात. म्हणून गुणांक शून्यापासून ०.३ पर्यंत नेताना ताकद भराभर वाढते, ०.५ च्या पुढे आलेख आडवा होतो. आणि उलट टोकाला, घर्षण पूर्ण शून्य केलं तरी गोल कणांचा ढीग ५-६ अंश दाखवतोच. तुमचं मॉडेल बिघडलेलं नाही. त्याने बरोबर उत्तर दिलं आहे.

प्रयोगशाळेत हे स्किनर यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं, आणि तो प्रयोग मला फार आवडतो. काचेचे बारीक मणी कोरडे असताना एकमेकांवर सहज घसरतात. पाण्यात बुडवले की त्यांच्यातलं घर्षण कित्येक पटींनी वाढतं. त्यांनी दोन्ही स्थितींत मण्यांचा ढीग कातरला. कणांमधलं घर्षण एवढं बदलूनही स्थिर आकारमानाला मिळणारी ताकद त्या प्रमाणात वाढली नाही.

इथे साइटवरचा एक समज मोडीत काढायला हवा. ‘पाणी लागलं की वाळू गुळगुळीत होते, म्हणून भराव खचतो’ असं सर्रास ऐकू येतं. हॉर्न आणि डिअर यांच्या १९६२ च्या मोजमापांत घासून चकचकीत केलेल्या क्वार्ट्झचं घर्षण ओलं झाल्यावर वाढलं. अभ्रकासारख्या पापुद्र्यांच्या खनिजांचं मात्र कमी झालं. नैसर्गिक खरखरीत कणांना तर ओल्या-कोरड्याने फारसा फरक पडत नाही. पाण्याने ताकद जाते ती दोन कारणांनी: छिद्रांमधल्या पाण्याचा दाब कणांवरचा परिणामी दाब (एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा जाता उरणारा) कमी करतो आणि दमट वाळूतलं केशाकर्षण, म्हणजे कणांमधल्या थोड्या पाण्याची ओढ, बुडाल्यावर नाहीसं होतं. म्हणून पावसाळ्यात भिंत पुढे आली तर मी आधी ड्रेनेज बघतो, वाळूचा कोन नंतर.

मग क्रश सँड आणि नदीची वाळू यांच्यात फरक कशाचा? मुख्यतः आकाराचा. चो, डॉड्स आणि सांतामारिना यांनी २००६ मध्ये अनेक वाळूंची माहिती एकत्र करून एक साधं नातं दिलं: क्रिटिकल स्टेटचा कोन म्हणजे ४२ वजा १७ गुणिले कणाची गोलाई (पूर्ण गोल कडांच्या कणाला १, टोकदाराला कमी). गोलाई ०.६ असलेल्या, वाहून घासलेल्या वाळूला त्यातून ३२ च्या आसपास कोन मिळतो, ०.३ गोलाईच्या टोकदार कणांना ३७ च्या आसपास. कडा असलेला कण लोळू शकत नाही, सगळी गंमत त्यात आहे. डीईएममध्ये गोल कण ठेवून गुणांक वाढवण्यापेक्षा लोळण्याला विरोध घाला किंवा दोन-तीन गोल एकत्र जोडून कण बनवा. आलेख लगेच वर जाईल. व्हीएसआय क्रशरमधून (दगड वेगाने आपटून फोडणारा) आलेली वाळू नुसत्या जॉ क्रशरच्या (जबड्यात दगड चिरडणारा) भुग्यापेक्षा जास्त घनाकार असते, म्हणून ‘क्रश सँड’ एवढ्या एका नावावर कोन ठरवू नका. खाणीत कोणत्या थराचा दगड फोडला हेही विचारा. दख्खनच्या दोन लाव्हाथरांमध्ये जागोजागी लाल बोलचा, म्हणजे लाल मातकट थराचा, पट्टा असतो आणि तो मिसळला की चिकण भाग येतो. आरई वॉलच्या भरावात ७५ मायक्रॉनखालचा भाग १५ टक्क्यांच्या आत ठेवतात तो एक तर निचऱ्यासाठी आणि दुसरं म्हणजे मोठ्या कणांचा सांगाडा एकमेकांना टेकलेला राहावा म्हणून. बारीक भाग फार झाला की जाड कण त्यात तरंगू लागतात आणि मग आकाराचा, कडांचा काही उपयोग उरत नाही.

आता दाबाकडे येतो. खरी गोम इथे आहे.

ओहोटीनंतर चौपाटीवरच्या ओल्या वाळूत पाय रोवला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचं कारण सांगितलं: घट्ट बसलेली वाळू कातरली की फुगते, छिद्रं मोठी होतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. कणाला पुढे जायचं तर शेजारच्या कणावर चढावं लागतं, आणि चढायचं म्हणजे वरचा सगळा भार उचलायचा. त्या चढण्यासाठी लागणारं जादा बळ आपण कमाल कोन म्हणून मोजतो. टेलर यांनी १९४८ मध्ये हे कामाच्या हिशेबाने मांडलं: कातरताना केलेल्या कामातला एक भाग घर्षणात जातो, एक भाग भार वर उचलण्यात.

म्हणजे कमाल कोनाचे दोन हिस्से झाले, क्रिटिकल स्टेटचा कोन आणि फुगण्याचा वाटा. पहिला त्या वाळूपुरता बऱ्यापैकी पक्का असतो. दुसरा घनता आणि दाब या दोघांच्या ओढाताणीतून ठरतो. वरचा दाब वाढला की शेजाऱ्यावर चढण्यापेक्षा त्याची कड मोडून पुढे जाणं कणाला स्वस्त पडतं. मग फुगणं कमी, मोडणं जास्त.

बोल्टन यांनी १९८६ मध्ये या ओढाताणीला हाताने मांडता येईल असं सूत्र दिलं. १० मधून मध्यम परिणामी दाबाचा, म्हणजे तिन्ही दिशांच्या परिणामी दाबांच्या सरासरीचा, नैसर्गिक लॉगॅरिदम वजा करा, उत्तराला सापेक्ष घनतेने (सर्वांत सैल वाळूला ०, सर्वांत घट्टला १) गुणा आणि त्यातून १ वजा करा. आलेल्या निर्देशांकाची तिप्पट म्हणजे ट्रायअॅक्सियलमध्ये (उभा गोल नमुना चहूबाजूंनी दाबून वरून चिरडण्याची चाचणी) क्रिटिकल कोनाच्या वर मिळणारे अंश, पाचपट म्हणजे प्लेन स्ट्रेनमध्ये (एका आडव्या दिशेने हलायला जागा नसताना) मिळणारे. दाब केपीएमध्ये. सूत्रातला १० हा क्वार्ट्झसाठी आहे. मऊ खनिजाला तो उतरतो, चुनखडीला त्यांनी ८ दिला.

क्रिटिकल कोन ३३ असलेली क्वार्ट्झ वाळू ८० टक्के सापेक्ष घनतेला घ्या. मध्यम दाब १५० केपीए असेल तर ट्रायअॅक्सियलमध्ये कमाल कोन ४२ येतो. दाब १००० केला की ३७.४. आणि ३००० ला ३४.८. आता तीच वाळू सैल, ३० टक्के घनतेला भरून १५० केपीएवर तपासा: ३४.५. म्हणजे मोठ्या दाबाखाली घट्ट वाळू अगदी सैल वाळूसारखी वागते. कणांमधलं घर्षण या चारही गणितांत एकच आहे.

इथे हमखास एक घोटाळा होतो. सूत्रातला दाब म्हणजे कातर होतानाचा मध्यम दाब, सेलचा, म्हणजे ट्रायअॅक्सियलमध्ये नमुन्याभोवती ठेवलेला, दाब नव्हे. सेलमध्ये ५० केपीए ठेवले आणि कोन ४२ आला, तर त्या वेळी उभा दाब २५० च्या पुढे गेलेला असतो आणि मध्यम दाब ११७ च्या आसपास पडतो. शिवाय १५० च्या खाली सूत्र जसंच्या तसं चालवून ५०-५२ अंश काढू नयेत. बोल्टन यांनी पुढे तिथे दाबाचा परिणाम गोठवून टाकण्याचा सल्ला दिला.

दाब किती याइतकंच तो कोणत्या बाजूंनी आहे हेही महत्त्वाचं. ट्रायअॅक्सियलमध्ये नमुना दोन्ही आडव्या बाजूंना फुगू शकतो. लांबलचक भिंतीमागे भरावाला भिंतीच्या लांबीच्या दिशेने हलायला जागाच नसते, तो फक्त पुढे येऊ शकतो. हीच प्लेन स्ट्रेनची स्थिती. कणांना निसटायच्या वाटा कमी, म्हणून चढणं अधिक आणि कोनही अधिक. वरच्या उदाहरणात ट्रायअॅक्सियलचे ४२ प्लेन स्ट्रेनमध्ये ४८ होतात. सैल वाळूत मात्र ३४.५ चे जेमतेम ३५.५. डायरेक्ट शिअरचा डबा (दोन अर्ध्यांचा डबा, वरचा अर्धा खालच्यावरून सरकवून वाळू कातरतात) साधारण प्लेन स्ट्रेनच्या जवळ जातो, पण त्यात कातरण्याची पातळी आपण सक्तीने ठरवतो आणि आडवा दाब किती झाला ते मोजतच नाही. त्यामुळे त्याच्या कोनाची ट्रायअॅक्सियलच्या कोनाशी अंशाला अंश तुलना करू नये.

दाबाने कण मोडण्याचा मुद्दा तुमच्या भिंतीला फारसा लागू नाही, उंच रॉकफिल (दगडांच्या भरावाच्या) धरणाला आणि समुद्रातल्या पाइलला, म्हणजे तळात ठोकलेल्या खांबाला, पुरेपूर लागू आहे. टिहरीसारख्या २६०.५ मीटर उंच धरणाच्या तळाशी उभा दाब काही हजार केपीए असतो. तिथे वरच्या थराचा कोन तळाला लावता येत नाही. घर्षणाची रेषा सरळ न राहता वाकत जाते. मोठा दगड लवकर मोडतो, कारण त्यात भेगा जास्त आणि प्रत्येक टेकूवर येणारं बळही जास्त. याला एक मजेदार अपवाद भारतातच सापडला. रणजित सागर धरणाचा नदीतला गोलसर रॉकफिल आणि पुरुलिया प्रकल्पाचा खाणीतला टोकदार रॉकफिल यांच्यावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, गोलसर दगडाचा आकार वाढवला तसा कोन वाढत गेला आणि टोकदार दगडाचा आकार वाढवला तसा तो घटत गेला. टोकं मोडतात, गोटे टिकतात. लहान नमुन्यावरून मोठ्या दगडाचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

पाइलचं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यासमोरच्या नॉर्थ रँकिन या समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे शिंपल्यांच्या चुनखडी वाळूत पाइल ठोकायला घेतले. अशा वाळूचा घर्षणकोन प्रयोगशाळेत उत्तम येतो, चाळीसच्या घरात. प्रत्यक्षात विरोध इतका कमी मिळाला की एक पाइल स्वतःच्या वजनाने कित्येक मीटर खाली निघून गेला. ठोकताना पोकळ कण आणि त्यांना धरून ठेवणारं सिमेंटेशन, म्हणजे कणांमधलं नैसर्गिक जोडकाम, चुरडलं, वाळूचं आकारमान घटलं आणि पाइलच्या अंगावरचा आडवा दाब जवळजवळ संपला. कोन कितीही मोठा असला तरी शून्य दाबाला गुणून शून्यच. मुंबई हायच्या बाजूलाही समुद्रतळात चुनखडी वाळू आहे, त्यामुळे आपल्याकडच्या ऑफशोअर मंडळींना हा धडा परका नाही.

पाण्याने भरलेल्या सैल वाळूबद्दल दोन शब्द. तिला निचरा होण्याआधी झटका बसला की फुगण्याऐवजी ती आक्रसते, पाण्याचा दाब चढतो आणि कणांवरचा दाब उतरतो. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात कच्छमधल्या चांग, शिवलखा यांसारख्या मातीच्या धरणांच्या पायातला गाळ असाच द्रवासारखा वागला. तुमचा भराव निचरा होणारा आणि पाणीपातळीच्या वर असेल तर ही चिंता भरावापुरती सोडा, भिंतीच्या पायाखाली काय आहे ते मात्र बोअरहोलमध्ये बघा.

आता तुमचे तीन रिपोर्ट. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून पहिल्या लॅबने वाळू डब्यात हाताने ओतून, न ठोकता तपासली आणि ०.५, १.० व १.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब लावला (१ किलो म्हणजे सुमारे १०० केपीए). सैल वाळू फुगत नाही, म्हणून आलेले ३६ हे जवळजवळ क्रिटिकल स्टेटचेच अंश आहेत, आणि आकाराच्या नात्यातून येणाऱ्या अंदाजाशीही ते जुळतात. दुसऱ्या लॅबने साइटवर ठरवलेल्या ९५ टक्के कॉम्पॅक्शनच्या घनतेला नमुना भरून १ ते ३ किलोचा दाब लावला: त्या घनतेचा, त्या दाबाचा कमाल कोन ४१. तिसऱ्याने घनता तीच ठेवली, पण दाब ०.२५, ०.५ आणि ०.७५ किलोचे घेतले आणि नमुना दमट होता. कमी दाबाला फुगणं जास्त, म्हणून कोन मोठा. त्या १२ केपीएमध्ये काही वाटा दमटपणाचा आहे, आणि काही वाकलेल्या रेषेवर सरळपट्टी ठेवल्याचा. तिघांनीही चाचणी चुकवलेली नाही. त्यांनी वेगवेगळे प्रश्न सोडवले.

त्या १२ केपीएने काय होतं बघा. कोन ४४ धरला तर सक्रिय दाबाचा गुणांक (उभ्या दाबाचा किती हिस्सा भिंतीला आडवा रेटतो तो) ०.१८ येतो, आणि कोहेजनमुळे प्रत्येक खोलीवर सुमारे १० केपीए वजा होतात. भरावाचं वजन २० केएन प्रति घनमीटर धरलं तर वरच्या २.८ मीटरमध्ये भिंतीवर कागदोपत्री काहीच दाब नाही. पहिल्या मुसळधार पावसानंतर तो दमटपणा गेला की कोहेजनही गेलं. कोहेजन शून्य धरा, यावर माझ्याकडे वाटाघाटी नाहीत.

३६ की ४१? तळाशी उभा दाब १८० केपीएच्या आसपास, म्हणजे दुसऱ्या लॅबच्या दाबाचा पल्ला तुमच्या भिंतीच्या खालच्या अर्ध्याला चांगला जुळतो. तरी मी ३६ वर डिझाइन करेन. ४१ धरून गुणांक ०.२१ येतो, ३६ धरून ०.२६, भिंतीवरचा जोर पाव पटीने वाढतो, जिओग्रिड (भरावात अंथरायची ताणसहिष्णू जाळी) थोडी जास्त लागते. बदल्यात दोन गोष्टी मिळतात. पहिली, घट्ट वाळू थोड्याशा विकृतीला कमाल गाठून उतरू लागते, तर पॉलिमरची जिओग्रिड पूर्ण ताकदीला येईपर्यंत बऱ्यापैकी ताणली जाते. दोघांची कमाल एकाच क्षणी हाताशी नसते. दुसरी, भिंतीच्या तोंडालगत मोठा रोलर नेत नाहीत, तिथे हलका प्लेट कॉम्पॅक्टर चालतो आणि ९५ टक्के कागदावर राहतात. अमेरिकेच्या आश्टो या महामार्ग संस्थेच्या नियमांमध्येही चाचणी नसेल तर ३४ धरा आणि चाचणीत कितीही आला तरी ४० च्या वर जाऊ नका, असं बंधन आहे.

याचा अर्थ कॉम्पॅक्शन ढिलं चालेल असा नाही. क्रिटिकल कोनावर डिझाइन केलं तरी भिंत किती पुढे येईल, भराव किती बसेल, हे घनताच ठरवते. वाळूचा कडकपणा साधारण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, दाब चौपट तर कडकपणा दुप्पट. त्यामुळे वरचे मीटर-दीड मीटर, जिथे दाब सगळ्यांत कमी असतो, तिथेच बसकण सर्वांत आधी दिसते आणि तिथेच रस्त्याचा थर तडकतो.

लॅबला पुन्हा पत्र पाठवाल तेव्हा एवढं मागा. नमुना साइटच्या कोरड्या घनतेला भरलेला आणि बुडवलेला हवा. दाब ०.२५, ०.५, १ आणि २ किलो, म्हणजे भिंतीच्या वरपासून तळापर्यंतचा पल्ला झाकला जाईल. साठ मिलिमीटरच्या डब्यात ४.७५ मिलिमीटरवरचे कण काढून टाकावे लागतात. तुमच्या वाळूत ते बरेच असतील तर तीनशे मिलिमीटरचा मोठा डबा मागा. प्रत्येक दाबासाठी बलाच्या आलेखासोबत उभ्या डायल गेजचं वाचनही द्यायला सांगा, आणि कातरणं कमाल गाठल्यावर न थांबवता डब्याच्या मर्यादेपर्यंत चालू ठेवायला सांगा. उभं गेज वर जायचं थांबलं तिथलं आडवं बल नमुन्यावरच्या उभ्या बलाने भागा आणि त्यावरून कोन काढा. चारही दाबांना तो ३५ ते ३७ च्या आत आला तर ३६ पक्के समजून पुढे जा. एखाद्या दाबाला फटकून आला तर त्या नमुन्याची घनता आणि हँगरचं (वजनं टांगायच्या सांगाड्याचं) वजन हिशेबात धरलं होतं का, हे आधी तपासा.